ओटा कुणाचा, फडकं कुणाचं?

प्रश्न : उत्तर महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. वय ४२, बँकेत नोकरी. घरात त्या, नवरा, ७४ वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. वीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमधला कडप्प्याचा ओटा आता बदलायचाय. जागोजागी पांढरट पडलाय, सिंकजवळ खडबडीत झालाय, कितीही घासला तरी कळकट दिसतो. ओटा ‘एल’ आकाराचा, एक बाजू ९ फूट आणि दुसरी साडेपाच. नळाला बोअरचं पाणी. सासूबाई म्हणतात, काळाकुळकुळीत ग्रॅनाइट घाला, त्यावर डाग दिसत नाही. स्वयंपाकघर अंधारं आहे म्हणून नवऱ्याला पांढरा हवाय. मुलीला क्वार्ट्‌झ नावाचा कारखान्यात बनवलेला दगड हवाय. आणि दुकानदार दाखवेल त्या प्रत्येक दगडाला ‘एकदम मेंटेनन्स फ्री’ म्हणतो. बाई विचारतात, “एकदा बसवला की पुढची पंचवीस वर्षं ज्याच्याकडे बघावंही लागणार नाही, असा ग्रॅनाइट कुठला ते फक्त सांगा. मला हा विषय पुन्हा आयुष्यात नकोय.”

ताई,

दुकानदार खोटं बोलत नाहीये. दगड एकदा टेम्पोत चढला की त्याच्यापुरता तो मेंटेनन्स फ्रीच असतो.

तुम्ही विचारलंय तसं एक नाव मी सांगणार आहे, काळजी करू नका. पण तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत आणि त्या तशाच ठेवून नाव सांगितलं, तर पाच वर्षांनी तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. मी तीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं करतेय. ओट्याच्या तक्रारी खूप ऐकल्यात आणि त्यातल्या निम्म्या दगडाबद्दलच्या नव्हत्याच.

आधी तुमच्या जुन्या कडप्प्याला जरा न्याय देऊ या. आमच्या जुन्या घरीही कडप्पाच होता. एकदा आई लोणच्याची लिंबं चिरत होती आणि अर्धं लिंबू ओट्यावर पालथं राहून गेलं. सकाळी उचललं तर खाली बरोबर लिंबाएवढं वर्तुळ. पांढुरकं आणि बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. आईने ते राखेने घासलं, साबणाने घासलं, शेवटी खोबरेल तेल चोळलं. तेल चोळलं की दोन दिवस काळं दिसायचं, तिसऱ्या दिवशी वर्तुळ पुन्हा हजर. आम्ही त्याला कायम ‘लिंबाचा डाग’ म्हणत आलो. पण तो डाग नव्हता. आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यातून येणारा हा दगड मुळात चुनखडीचा. आम्ल लागलं की चुनखडी विरघळते, म्हणजे लिंबाने तिथला दगडच थोडा खाल्ला होता. खाल्लेला दगड घासून कसा परत येईल?

आता आपल्या स्वयंपाकात काय काय असतं बघा. लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक. वीस वर्षं रोज थोडं थोडं. वर बोअरच्या पाण्याचे क्षार. तेव्हा तुमचा ओटा घासण्यात तुम्ही किंवा सासूबाई कुठे कमी पडलात असं अजिबात समजू नका. ‘कितीही घासला तरी’ या शब्दांमध्ये मला थोडी अपराधी भावना दिसली, म्हणून हे लिहिलं.

म्हणजे ग्रॅनाइटकडे वळताय ते योग्यच आहे. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही खनिजं असतात आणि लिंबू-चिंचेने त्यांना काही होत नाही. कठीणपणा मोजायची १ ते १० अशी मोह्‌ज नावाची पट्टी आहे. तिच्यावर कडप्प्यातलं कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्‌झ ७ वर. घरातली सुरी साधारण साडेपाचच्या आसपास. थेट ओट्यावर भाजी चिरलीत तर ओट्यावर ओरखडा येण्याआधी सुरीची धार जाईल. (ओट्यावर दिसणारी करड्या रंगाची रेघ बहुतेक वेळा सुरीचंच घासलं गेलेलं पोलाद असतं.)

पण ‘ग्रॅनाइट’ म्हटलं की सगळं एकच, असं तुम्ही धरून चाललाय, तिथे जरा थांबा. दुकानात ग्रॅनाइट म्हणजे चकचकीत पॉलिश घेणारा कुठलाही कठीण दगड. भूगर्भशास्त्रवाल्यांना विचाराल तर जेट ब्लॅक हा ग्रॅनाइटच नव्हे. तो डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टचा सख्खा चुलतभाऊ. शिलारस तोच, जमिनीवर येऊन पटकन थंडावला तर बसाल्ट, खोल राहून सावकाश निवला तर गॅब्रो. म्हणजे सासूबाई ज्या दगडाचा आग्रह धरतायत तो त्यांच्या पाट्या-वरवंट्याच्याच घराण्यातला आहे, हे त्यांना जरूर सांगा. आपल्या राज्याचा बहुतेक भाग बसाल्टचा. खरा ग्रॅनाइट लागतो तो नांदेडकडे आणि पूर्व विदर्भात. त्यामुळे दुकानात दिसणारा माल बहुतेक आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू नाहीतर राजस्थानातून आलेला असतो. नावांवर तर जाऊच नका. ‘काश्मीर व्हाइट’ काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा. त्यातले लालसर ठिपके गार्नेटचे असतात.

नावांसारखंच भावाचं. महाग दगड म्हणजे जास्त टिकाऊ दगड, असं गणित मांडू नका. भाव ठरतो दगड किती दुर्मीळ आणि त्याची किती फॅशन आहे त्यावर. मोठमोठ्या लाटा, नद्या, ढग दिसणारे भारीतले दगड पुष्कळदा ठिसूळच असतात. स्लॅब उलटी करून बघा. मागे फायबरची जाळी चिकटवलेली दिसली, तर वाटेत फुटू नये म्हणून तिला आधार दिलाय असं समजा. असा दगड घेऊ नये असं नाही, पण तुमच्यासारख्या ‘पुन्हा नको’ म्हणणाऱ्यांनी तरी घेऊ नये.

आता घरातल्या तीन मतांकडे येते. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाहीये.

सासूबाई म्हणतात, काळ्यावर डाग दिसत नाही. इथे दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. डाग पडणं वेगळं आणि डाग दिसणं वेगळं. अस्सल जेट ब्लॅक घट्ट विणीचा असतो. तेल, हळद, चहा आत शिरतच नाही म्हणा ना. डाग न पडण्याच्या बाबतीत त्या शंभर टक्के बरोबर आहेत. पण त्याच काळ्या आरशासारख्या पॉलिशवर तुमच्या बोअरच्या पाण्याचा थेंब वाळला की मागे पांढरी कडी उरते. कणीक सांडली, बोटं उमटली, फडक्याचा फराटा राहिला, सगळं दिसतं. काळी गाडी असणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. बोअरचं पाणी असलेल्या घरात जेट ब्लॅक म्हणजे दिवसातून चारदा ओलं आणि चारदा कोरडं फडकं. शिवाय सासूबाईंचं वय ७४. संध्याकाळी अर्ध्या उजेडात काळ्या ओट्यावर काळ्या मुठीची सुरी दिसणं सोपं नसतं. हे त्यांना वयाचा उल्लेख न करता कसं सांगायचं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा उजेडाचा आहे आणि तो खरा आहे, पण त्याचा इलाज दगडात शोधू नका. वरच्या कपाटांच्या खाली एलईडीची पट्टी लावा आणि ओट्यामागच्या भिंतीवर फिकट टाइल्स घ्या. निम्मं काम होऊन जाईल आणि खर्चही दगडातल्या फरकापेक्षा कमीच येईल. पांढरट ग्रॅनाइट दिसायला देखणा, मलाही आवडतो. पण फिकट रंगाचे बरेचसे ग्रॅनाइट काळ्यापेक्षा जास्त पाणी पितात. अमेरिकेत ग्रॅनाइटसाठी जे मानक आहे त्यात पाणी शोषण्याची कमाल मर्यादा वजनाच्या ०.४ टक्के धरलीय. आकडा एवढासा दिसतो, पण त्या एवढ्याशा जागेतून फोडणीचं तेल आत जायला पुरेशी वाट असते. काहींमध्ये लोहाचे कण असतात. सिंकजवळ सतत ओल राहिली की तिथे गंजासारखी पिवळट झाक चढते. यावर उपाय म्हणजे सीलर. तो दगडाच्या छिद्रांत बसतो आणि तेल-पाण्याला आत जायला उशीर लावतो. उशीर लावतो हो, अडवत नाही. म्हणजे सांडलेलं पुसायला तुम्हाला दहा मिनिटांऐवजी दोन-तीन तास मिळतात. आणि वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा मारावा लागतो. घरातलं कोण ते लक्षात ठेवणार? या प्रश्नाचं उत्तर ‘मीच’ असेल, तर पांढरा विसरा.

मुलीचं क्वार्ट्‌झ. हा कारखान्यात बनवलेला दगड, सुमारे ९० टक्के किंवा त्याहून जास्त क्वार्ट्‌झचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारं प्लॅस्टिकसारखं चिकट द्रव्य. पाणी पीत नाही, सीलर लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पण ते रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे तापलं की पिवळं पडतं, कधी तडकतं. पुऱ्या तळतानाचं तेल १८० च्या आसपास असतं. गॅसवरून कढई उचलली आणि खाली काही न ठेवता ओट्यावर टेकवली, हे आपल्याकडे दिवसातून किती वेळा होतं ते आठवून बघा. ग्रॅनाइट हे सहन करतो. (त्यालाही छळू नये. रोज एकाच जागी तापलेला तवा आणि लगेच त्यावर गार पाणी, असं केलंत तर कुठलाही दगड कधीतरी चीर देईल.) ज्यांच्या घरी तळण कमी आणि मायक्रोवेव्ह जास्त, त्यांनी क्वार्ट्‌झ जरूर घ्यावं. आणखी एक गोष्ट मुलीच्या कानावर घालण्यासारखी आहे. हा दगड कापताना उडणारी सिलिकेची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचं उत्पादन, विक्री आणि बसवणं बंद केलं. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, तुलनेने बरीच कमी. त्याबद्दल पुढे लिहिते.

यातून मधला मार्ग निघतो तो ठिपक्यांच्या, मध्यम ते गडद दगडाचा. तेलंगणातल्या करीमनगरकडचा टॅन ब्राउन, स्टील ग्रे, नाहीतर आंध्रात ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, ज्यात काळ्यावर सोनेरी कण चमकतात. या तिघांत डाग पडण्याची भीती कमी आणि पाण्याचे थेंब, कणीक, बोटं ठिपक्यांत हरवून जातात. तुमच्या घरासाठी मी स्टील ग्रे निवडला असता. काळ्याइतका अंधार करत नाही, पांढऱ्याइतकं तेल पीत नाही आणि बोअरचं पाणी त्यावर निदान ओरडून सांगत नाही.

मात्र याचीही एक खोड आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. ठिपक्यांच्या ओट्यावर घाण दिसत नाही म्हणजे ती नसते असं नव्हे. सांडलेली साखर दिसत नाही, ती मुंग्यांना दिसते. एकदा माझ्या हातून काचेचा पेला ओट्यावर फुटला. मोठे तुकडे उचलले, पुसून घेतलं, डोळ्यांना ओटा स्वच्छ. रात्री पोळ्या लाटायला उभी राहिले आणि तळहातात काच गेली. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, ठिपक्यांचा ओटा डोळ्यांनी नाही, हाताने तपासायचा. आणि काच फुटली तर हातानेही नाही, कणकेच्या गोळ्याने. गोळा सगळीकडे दाबत फिरवायचा आणि टाकून द्यायचा.

आता ज्या प्रश्नासाठी मी एवढी प्रस्तावना केली तो. ‘ज्याच्याकडे बघावंही लागणार नाही’ असं तुम्ही लिहिलंत. कुणाला बघावं लागणार नाही? तुम्ही सकाळी बँकेत जाता. दिवसभर त्या ओट्यापाशी सासूबाई असतात. भांडी-फरशीला कुणी येत असेल, तर त्यांच्या हातातलं फडकंही त्यावर फिरतं. म्हणजे ज्या दोघींचा हात त्या दगडावर सगळ्यात जास्त फिरणार, त्यातल्या एकीचं मत तुम्ही तीन मतांपैकी एक म्हणून मोजलंय आणि दुसरीला विचारलेलंच नाही. मी दोष देत नाहीये, बहुतेक घरांत असंच होतं. पण ‘कमी देखभाल’ हा दगडाचा गुण कमी आणि घराची सवय जास्त असते. तुमच्या सासूबाईंना जेवणानंतर ओटा कोरडा करून झोपायची सवय असेल, तर त्यांच्या हाती जेट ब्लॅकसुद्धा पंचवीस वर्षं आरशासारखा राहील. ती सवय घरात कुणालाच नसेल, तर स्टील ग्रे. त्यांना एकदा नीट विचारा. ‘कुठला रंग हवा’ असं नका विचारू, ‘पुसायला काय सोपं पडेल’ असं विचारा. उत्तर वेगळं येण्याची बरीच शक्यता आहे.

दुकानात जाताना पर्समध्ये चार वस्तू टाका : लिंबू, पाण्याची लहान बाटली, जुना पांढरा रुमाल आणि ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर. काही करड्या दगडांना काळा रंग देऊन जेट ब्लॅक म्हणून विकतात. रिमूव्हरचा बोळा स्लॅबच्या कोपऱ्यावर जोरात घासा. रुमालावर काळं आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. पाण्याचे थेंब ठेवून पंधरा मिनिटं थांबा (तेवढ्यात भाव करा), मग पुसून बघा. खाली ओलसर गडद ठसा राहिला तर दगड पाणी पितो. लिंबाचे दोन थेंबही तसेच. तिथली चमक गेली तर दगडात चुनखडीचा अंश आहे नाहीतर वर नुसतं मेणाचं पॉलिश. दुकानदार वैतागेल. चांगला माल असणारा कमी वैतागतो, हा माझा अनुभव.

आणि मघाशी म्हटलं तसं, निम्म्या तक्रारी दगडाच्या नसतात, बसवणुकीच्या असतात. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे.

पहिलं सांधे. ओट्यावर काळी रेघ धरते ती सांध्यात, झुरळं फिरतात ती सांध्यापाशी, खाली ट्रॉलीत पाणी उतरतं ते सांध्यातून. सांधा जितका कमी तितकी तुमची ती ‘देखभाल’ कमी. तुमची लांब बाजू ९ फूट आहे, तेव्हा ९ फुटांच्या वरची स्लॅब शोधा आणि अखंड बसवा. मग सगळ्या ओट्यात एकच सांधा उरेल, कोपऱ्यातला. तो सिंकजवळ येता कामा नये. सांध्यात पांढरं सिमेंट भरू देऊ नका, महिन्याभरात हळदीने पिवळं होतं. दगडाच्या रंगाचं एपॉक्सी (घट्ट बसणारा चिकट मसाला) भरून घ्या. पण अखंड तुकडा ठरवण्याआधी जिना मोजा. १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. ९ बाय २ फुटांचा तुकडा ऐंशी किलोच्या वर जातो आणि तो लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याच्या वळणावर अडकलेली स्लॅब मी पाहिलीय. चार माणसं, दोन वर, दोन खाली, आणि मधे बिल्डिंगचे सेक्रेटरी सूचना देत उभे.

जाडी स्वतः मोजा, टेप लावून, कडेला. सांगतात १८, निघते १५-१६. पुढची कड जाड दिसावी म्हणून खाली दुसरी पट्टी चिकटवतात, ती दिसण्यापुरती. मधली जाडी तीच राहते. कडेचं मोल्डिंग हाफ राउंड घ्या. धारदार चौकोनी कडेचा टवका पातेलं आपटलं की उडतो. त्या कडेच्या खालच्या बाजूला, पुढून अर्ध्या-पाऊण इंचावर, एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, ट्रॉलीच्या दारांपर्यंत पोचत नाही. या एका खाचेने ट्रॉल्यांचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं आणि ती मारायला मिस्त्रीला अर्धा तास लागतो. तरीही दहातल्या आठ ओट्यांना ती नसते, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

सिंकच्या दिशेला किंचित ढाळ हवा, डोळ्यांना न दिसणारा पण पाण्याला कळणारा. काम झालं की मिस्त्री समोर असतानाच ओट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पैसे त्यानंतर.

हॉबसाठी (ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी) भोक पाडायचं मनात असेल तर फेरविचार करा. भोकाच्या पुढे-मागे दगडाची दोन-तीन इंचांची पट्टीच उरते आणि ग्रॅनाइट तडकतो तो तिथेच. पाडायचंच असेल तर कोपरे गोल काढायला सांगा, काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. मला विचाराल तर साधी शेगडी ओट्यावर ठेवा. उचलली, खाली पुसलं, ठेवली.

जुना कडप्पा फोडायचा की त्यावरच ग्रॅनाइट बसवायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मिस्त्री विचारेल. खालचा आधार पक्का असेल, कुठे हलत नसेल तर वरच बसवता येतो, धूळ आणि खर्च दोन्ही वाचतं. फक्त उंची इंच-दीड इंच वाढते. आत्ताची उंची मोजा आणि सासूबाईंना ओट्यापाशी उभं करा. कोपर दुमडल्यावर ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा. त्यांच्यासाठी आत्ताच उंच होत असेल तर वरचा कडप्पा काढावाच लागेल, त्यात काटकसर करू नका.

दगड कापण्याचं जेवढं काम दुकानात होईल तेवढं तिथेच करून घ्या. घरी जे कापायचं ते पाणी मारत मारत, बाल्कनीत किंवा खाली आवारात, आणि मिस्त्रीच्या तोंडाला रुमाल नव्हे, नीट मास्क. तो ‘सवय आहे ताई’ म्हणेल. सवय फुप्फुसांना होत नसते. दोन मास्क तुम्हीच आणून ठेवा.

हिशेबाचं थोडक्यात : दगड चौरस फुटावर, मोल्डिंग रनिंग फुटावर (म्हणजे कडेच्या लांबीवर) आणि सिंक-हॉबचे कट वेगळे, असं बिल होतं. तिन्ही आकडे आधी लिहून घ्या, त्यावर दगडाचं नाव आणि जाडी घाला. तोंडी भाव फक्त दगडाचा असतो.

बसवून झाल्यावर रोजचं म्हणाल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं ओलं फडकं, मग कोरडं. बस. संडास धुवायचं ॲसिड ओट्याच्या आसपासही नको आणि तारेचा काथ्या नको. त्याचे बारीक कण दगडात अडकून गंजतात. नळाच्या बुडाशी क्षारांचं पांढरं पुट चढेलच, ते जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. तुम्ही बँकेत आहात, कार्डांची वाण नसावी. तेल मुरल्याचा डाग दिसला तर खायच्या सोड्यात पाणी घालून घट्ट लेप करा, त्यावर थापा, प्लॅस्टिकने झाकून चोवीस तास विसरा. सोडा वाळताना तेल ओढून घेतो, एकदा नाही गेलं तर दोनदा करा. आणि हळदीचा डाग आला तर घासत बसू नका. खिडकीतून ऊन येत असेल तर चार दिवस त्याच्यावर सोपवा. पांढऱ्या साडीवरची हळद उन्हात उडते ना, तसंच.

खरेदीआधी एक शेवटचं काम. आवडलेल्या दोन दगडांचे वीतभर तुकडे दुकानातून मागून आणा. कापताना उरलेले असे तुकडे त्यांच्या मागच्या अंगणात ढिगाने पडलेले असतात. घरी आणून आठ दिवस ओट्यावर ठेवा आणि त्यांच्यावर जे रोज सांडतं ते सांडू द्या. फोडणीचं तेल, हळद, चहा, बोअरचं पाणी. पुसायचं काम सासूबाईंकडे आणि भांडीवाल्या बाईंकडे द्या, तुम्ही मधे पडू नका. पहिलं लिंबू मात्र सासूबाईंनाच पिळू दे.